साडूंची पायपीट

चिपळूणजवळच्या आमच्या लोट्यात भर दिवसा माणूस हायवेवरून पायी चालताना दिसला, तर लोक तीनच शक्यता धरतात. एसटी चुकली, गाडी बंद पडली, नाहीतर नवस बोललाय. डॉक्टरांनी चालायला सांगितलेली मंडळी वेगळी. ती पहाटे निघतात, कानटोपी घालतात आणि एमआयडीसीच्या गेटला हात लावून परत फिरतात. पण सकाळी नऊच्या उन्हात, पाठीला पिशवी अडकवून, हसतमुखाने चिपळूणच्या दिशेला चालत निघालेल्या माणसासाठी आमच्याकडे रकानाच नाही.

माझ्या साडूंना हे कुठून ठाऊक असणार? ते बरीच वर्षं इंग्लंडात लिंकनला असतात. त्या गावात टेकडीवर भलंमोठं कॅथेड्रल आहे, खाली विदम नदी, आणि मधे स्टीप हिल नावाचा रस्ता; इतका उभा की धरून चढायला बाजूला लोखंडी कठडा लावलाय. जुनं गाव पायीच बघायचं, असं साडूंचं ठाम मत. "गाडीतून गाव बघायला गेलं तर फक्त पार्किंग बघून होतं," असं ते जेवताना म्हणाले आणि आमची ही माझ्याकडे बघत राहिली. दोन मैल चालून दाखवणारा मेहुण्यांच्या पंक्तीतला एकच पुरुष कोण, हे तिच्या नजरेत स्पष्ट लिहिलेलं होतं.

साडूसमोर माघार घ्यायची नसते. मी म्हटलं, "टेकडीवर देऊळ, खाली नदी, मधे उभी वाट. एवढंच ना? चला, उद्या परशुराम करू. लोट्यातून निघायचं, देवळात जायचं, पाखाडीने उतरून चिपळूण गाठायचं."

सुरुवातीचा टप्पा एमआयडीसीचा. इथला भूगोल नाकाने वाचावा लागतो. साडूंनी थांबून हवेत नाक वर केलं. "हा कसला हो वास?"

"तुम्ही कुठला म्हणताय? दोन येतायत."

केमिकल कंपनीत शिफ्टमध्ये आयुष्य काढलेल्या माणसाला अशा वेळी थोडा अभिमान वाटतोच. वारा कुठून आहे, कुठल्या शेडमध्ये बॅच चढलीय, हे मी डोळे मिटून सांगतो. लिंकनच्या गाइडने हे करून दाखवावं.

मग रिक्षा थांबायला लागल्या. आम्ही हात दाखवला नव्हता, तरी थांबल्या. "बसा, सोडतो," पहिला म्हणाला. "चालतोय," मी म्हणालो. "ते दिसतंय. पण का?" याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. पुढे कंपनीतला एक जुना सहकारी मोटरसायकलवरून आला. "गाडी कुठाय?" "घरी." "बिघडलीय?" "नाही, चांगली आहे." हे ऐकून तो खराच हादरला. बिघडलेली गाडी समजण्यासारखी असते. चांगली गाडी घरी ठेवून हायवेला चालणारा माणूस म्हणजे घरात काहीतरी बिनसलंय. त्याने साडूंकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि हळू आवाजात म्हणाला, "वहिनी बऱ्या आहेत ना?"

पीरलोटे मागे पडलं आणि परशुराम घाट जवळ आला. डोंगराची तासलेली लाल भिंत बघून साडूंनी विचारलं, हे काम कधीपासून चाललंय? मी पुराणापासून सुरुवात केली. परशुरामाने बाण मारला, समुद्र मागे हटला, कोकण झालं. एका बाणात एवढी जमीन. टेंडर नाही, भूसंपादन नाही. नंतरच्या कामांना वेळ लागतो. 2022 च्या उन्हाळ्यात तर चौपदरीकरणासाठी हा घाट दुपारी बारा ते पाच बंद ठेवला होता आणि गाड्या चिरणी-आंबडसवरून वळवल्या होत्या. साडूंना वाटलं, कोकणात रस्तासुद्धा दुपारचा झोपतो. मी ती समजूत दूर केली नाही.

देऊळ हायवेवरून दिसत नाही. कमानीतून आत वळून घरांमधून पायऱ्या उतरायच्या, मग एकदम घुमट समोर येतात. साडू थबकले. घुमटांची घडण थेट मुसलमानी धाटणीची. गाभाऱ्यात मध्ये भार्गवराम, दोन्ही अंगांना काळ आणि काम. मागे रेणुकामातेचं देऊळ. साडूंनी फोन काढला आणि लिंकनचा पाढा सुरू केला. कॅथेड्रल 1092 चं, 1185 च्या भूकंपात फाटलं, पुन्हा बांधलं, मधल्या मनोऱ्यावरचा कळस 1548 मध्ये कोसळला. तो उभा होता तेव्हा जगातली सगळ्यात उंच इमारत तीच, असं तिकडचे लोक छाती काढून सांगतात.

"पाडली कोणी?"

"वाऱ्याने म्हणतात."

"मग आमचं जास्त रंगतदार आहे," मी म्हटलं. "आमच्या देवळावर संकट आलं ते एका हत्तीवरून."

त्यांना खाली बसवून सांगितलं. ब्रह्मेंद्रस्वामींचा इथे मुक्काम. कान्होजी आंग्रे त्यांना मानणारे, पुढे बाजीराव पेशवेही. आणि समोर गोवळकोट, अंजनवेल सांभाळणारा जंजिऱ्याचा सरदार सिद्दी सात. सावनूरच्या नबाबाकडून सिद्दी सातासाठी एक हत्ती निघाला, तो वाटेत आंग्र्यांच्या माणसांनी अडवला. सिद्दी साताचा समज झाला की यात स्वामींचाच हात. 1727 मध्ये ऐन महाशिवरात्रीच्या सुमाराला तो परशुरामावर चालून आला आणि देऊळ लुटलं. स्वामी घाट चढून साताऱ्याजवळ धावडशीला जाऊन राहिले. पण गप्प बसले नाहीत. पत्रं लिहीत राहिले, कर्ज देत राहिले. पेशव्यांसारखे मातब्बर त्यांचे कर्जदार होते. सावकाराची पत्रं कोण वाचत नाही? पुढे पेशव्यांची सिद्दीशी लढाई जुंपली आणि 1736 मध्ये रेवसजवळ चिमाजी आप्पांनी सिद्दी साताला मारलं.

"आणि हत्ती?" साडू.

मोठ्या माणसांच्या भांडणात हत्तीची चौकशी करणारे साडू पहिलेच असावेत.

पायऱ्यांशी एक आजी कोकम सरबत विकत होत्या. लिंकनला कानाला यंत्र लावतात, ते आपल्याला माहिती सांगतं. इथे आजी आपल्याकडून माहिती काढतात. गाव कुठलं, कुणाकडचे, हे कोण, कुठे असतात, तिकडे भात मिळतो का, मुलं मराठी बोलतात का. दुसरा ग्लास संपेपर्यंत साडूंच्या आत्याचं सासर आणि आजींचं माहेर यांच्यात एक धागा सापडला. मग त्यांनी पैसे घेतले, पण सरबत परत भरून दिलं. "आणि चालत कशाला आलात?" हा प्रश्न शेवटी आलाच. साडू म्हणाले, "आवड म्हणून." आजींनी मान हलवली. परदेशात राहून माणसं काय काय सोसतात, अशा अर्थाची ती मान होती.

घाटातून खाली बघितलं की वाशिष्ठीची वळणं दिसतात आणि नदीकाठी ठेंगणा गोवळकोट. ज्याने देऊळ लुटलं त्याचा किल्ला देवाच्या डोंगरावरून इतका स्वच्छ दिसतो की कोणी कोणावर नजर ठेवली होती ते कळत नाही.

उतरणीला मात्र संभाषण आटलं. जांभ्याच्या पायऱ्या, त्यावर वाळकी पानं, प्रत्येक पायरीची उंची गवंड्याच्या त्या दिवशीच्या मूडप्रमाणे. साडू कठडा शोधत होते. मी म्हटलं, कठडा लिंकनला. आमच्याकडे फांदी. ज्या गुडघ्यांचा मला घरी अभिमान होता त्यांनी पेढ्याच्या अलीकडेच राजीनामा दिला. वाशिष्ठीचा पूल ओलांडून बहादूरशेख नाक्याला पोचलो तेव्हा आम्ही दोघंही एकमेकांना "तुम्हाला त्रास नाही ना होत?" असं विचारत होतो.

1864 पासून चालू असलेलं, पुराचं पाणी पचवलेलं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर दाखवायचं ठरलं होतं. साडू म्हणाले, बसायला मिळेल ना?

तेवढ्यात हिचा फोन. "अहो, चौघांचे फोन येऊन गेले. तुमचं आणि भावोजींचं भांडण झालंय का? एकजण म्हणाला, गाडी ठोकली. शेजारच्या काकू म्हणतात, नवस आहे. मी म्हटलं, हो, नवसच आहे. निदान विषय मिटला."

मी साडूंना सांगितलं. ते समोरच्या रिक्षाकडे बघत होते. नवस म्हटल्यावर रिक्षातून घरी उतरायचं कसं, शेजारच्या काकू अंगणातच असणार.

साडूंनी क्षणभर विचार केला, फोन माझ्या हातातून घेतला आणि मेहुणीला म्हणाले, "काकूंना सांगा, जायचाच बोललो होतो. यायचा नाही."