ठेवायची प्रत

अबू धाबी शहरापासून पश्चिमेला सुमारे 240 किलोमीटर गेलं की रुवैस लागतं. एका बाजूला समुद्र, उरलेल्या बाजूंना वाळू आणि मधे तेलशुद्धीकरण कारखाना. 1982 साली तो सुरू झाला आणि त्याच्या आधारानं ही वसाहत वाढली. अशा गावात माणसानं बॅडमिंटन खेळावं, गणपतीची आरास करावी, जुलैतल्या तिकिटांचे भाव बघून हळहळावं. मराठी पुस्तकांच्या पहिल्या आवृत्त्या जमवण्याचं काहीएक कारण नाही. पण आखातात जिथं जिथं चार मराठी घरं आहेत, तिथं हा एक गृहस्थ निघतोच. आमच्याकडच्याला कॉलनी ‘प्रथमावृत्ती’ म्हणते. पाठीमागं. तोंडावर ‘साहेब’, कारण इन्स्ट्रुमेंट विभागात ते खरोखरच साहेब आहेत.

पुस्तक हातात आलं की तुम्ही-आम्ही मधलंच कुठलं तरी पान उघडतो. प्रथमावृत्ती नामपानाची मागची बाजू बघतात. आवृत्ती, साल, प्रकाशक, मुद्रक, किंमत. तिथं ‘आवृत्ती दुसरी’ दिसलं, की लग्नाला पोचावं आणि शेवटची पंगत उठलेली असावी तसा त्यांचा चेहरा होतो. साल छापलेलं नसलं तरी ते डगमगत नाहीत. डोक्यावर अनुच्चारित अनुस्वार आहेत का बघतात. ते 1962 च्या शुद्धलेखन नियमांनी गेले. म्हणजे ‘केलें’, ‘झालें’ दिसलं की पुस्तक बहुधा त्याआधीचं. ‘इंग्रजी’च्या जागी ‘अिंग्रजी’ दिसलं, की सावरकरी बाराखडी, किर्लोस्करांच्या छापखान्याची शक्यता. शक दिला असेल तर त्यात 78 मिळवायचे. ही मिळवणी त्यांच्या इतकी अंगवळणी पडली आहे, की एकदा सुपरमार्केटमध्ये बिलाचा आकडा बघून ते पुटपुटले, “म्हणजे 1890.”

मी पहिल्यांदा त्यांच्याकडे गेलो तेव्हा काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, “साहेब, ‘कोसला’ वाचलीय का?”

“कुठली?”

“नेमाड्यांची.”

“ते कळलं हो. कुठली आवृत्ती?”

मग दोन प्रती बाहेर आल्या. एक अलीकडची, कोपरे दुमडलेली, चहाचा डाग असलेली. ती वाचायची प्रत. दुसरी 1963 ची, देशमुख आणि कंपनीची, पारदर्शक पिशवीत, पिशवीवर कारखान्यातल्या व्हॉल्व्हला लावतात तसा नंबराचा टॅग. ती ठेवायची प्रत. ती मला तीन फुटांवरून दाखवण्यात आली. हात पुढं केला तर म्हणाले, “परमिट नाही.” मला वाटलं विनोद आहे. नव्हता.

रुवैस हे पुस्तकांना मानवणारं गाव नाही. समुद्राची दमट हवा, त्यात बारमाही एसी, वर अधूनमधून उठणारी धूळ. पुण्यात कसर लागते म्हणून लोक वेखंड नाहीतर डांबराच्या गोळ्या ठेवतात आणि विसरून जातात. इथं साहेबांनी पुस्तकांच्या खोलीत आर्द्रतामापक लावलाय, हवा कोरडी करणारं यंत्र लावलंय, आणि दोन्हींची नोंद वही घालून ठेवलीय. ऑगस्टमध्ये आमच्या घरातला एसी बंद पडला तर आम्ही घामाघूम होतो. त्यांचा पडला तेव्हा त्यांनी आधी हरिभाऊ आपटे शेजाऱ्यांकडे हलवले, मग मुलांना. वर्षातून एकदा या खोलीचा ‘शटडाऊन’ असतो. कपाटं रिकामी करायची, एकेक प्रत मऊ ब्रशनं झटकायची, टॅग तपासायचे, पुन्हा लावायची. या काळात पाहुणे चालत नाहीत.

माल अर्थातच महाराष्ट्रातून येतो. पुण्याचा अप्पा बळवंत चौक, डेक्कनचे पदपथ, जुना बाजार; मुंबईत फ्लोरा फाउंटन आणि माटुंग्याचं किंग्ज सर्कल. सुट्टीवर गेलेला माणूस पहिल्या दिवशी आईच्या हातचं जेवतो. हे पहिल्या दिवशी रद्दीच्या दुकानात असतात. रद्दीवाल्यासमोर चेहरा कोरा ठेवायचा, हवं ते पुस्तक सगळ्यात शेवटी आणि नकोशा चार पुस्तकांच्या खाली धरायचं, हे डावपेच त्यांना पाठ आहेत. पण रद्दीवालेही आता मोबाइल बघतात. ‘दुबईवाले’ साहेब आले की भाव वाढतो. रुवैस दुबईत नाही, दुबई तिथून कितीतरी लांब आहे, हे सांगून एक रुपयाही कमी होत नाही.

खरी लढाई पुढं, विमानतळावर. माणशी तीस किलो. वहिनींच्या हिशेबानं त्यात गोडा मसाला, मेतकूट, कोकम, भाजणी, मुलांचे कपडे. साहेबांच्या हिशेबानं त्यात विश्राम बेडेकरांचं ‘रणांगण’, 1939.

“अहो, भाजणी संपली तर इथं मिळत नाही.”

“अगं, आणि हे मिळतं?”

शेवटी भाजणी बॅगेत जाते आणि ‘रणांगण’ हातातल्या पिशवीत, पासपोर्टच्या शेजारी. युरोपातून हिंदुस्थानाकडे निघालेल्या बोटीवरची ही कादंबरी, बिचारी आता दुसऱ्यांदा स्थलांतर करते.

दर नोव्हेंबरात ते शारजाच्या पुस्तक मेळ्याला जातात. हा मेळाही 1982 चा, कारखान्याच्याच वयाचा. जवळजवळ चारशे किलोमीटर गाडी हाकत जायचं आणि मल्याळी प्रकाशकांच्या दालनांसमोरची गर्दी बघून चरफडत परत यायचं, हा त्यांचा वार्षिक उपास. “लोक पुस्तकं ट्रॉलीत घालून नेत होते,” ते सांगतात, आणि आवाजात हेवा इतका, की समोरचा मल्याळी शेजारी माफी मागतो.

वादात त्यांना कोणी हरवल्याचं मी पाहिलेलं नाही. गेल्या गणपतीत आरती लांबली ती यामुळेच. ‘पण लक्षात कोण घेतो?’ आधी ‘करमणूक’ पत्रातून क्रमशः आली. मग तिची पहिली आवृत्ती कुठली, अंक की पुस्तक? अंक म्हणावं तर पूर्ण संच मिळणं कठीण, पुस्तक म्हणावं तर मन खातं. कापूर विझला, प्रसादाचा शिरा गार झाला, तरी निकाल लागेना. निकाल त्यांनाही नकोच होता, असा माझा संशय आहे.

माझं या मंडळींशी एकच भांडण आहे, आणि ते मी त्यांच्यासमोर मांडलेलं आहे. पुस्तकाची पहिली आवृत्ती पन्नास-साठ वर्षं कोरी करकरीत राहिली, याचा अर्थ काय? ती कोणी वाचली नाही. कुणीतरी भेट दिली, कुणीतरी कपाटात ठेवली, वर्तमानपत्राचं कव्हर घातलं म्हणून दीनानाथ दलालांचं मुखपृष्ठही ताजं राहिलं. उलट बाबूराव अर्नाळकरांकडे बघा. हजाराच्या वर रहस्यकथा, झुंजार आणि काळा पहाड घराघरात, आणि आज एखादी जुनी प्रत धड मिळेल तर शपथ! लोकांनी ती पुस्तकं उशाखाली घेतली, शाळेच्या पुस्तकात लपवली, लायब्ररीतून आणून वाण्याच्या दुकानात विसरली. वाचून वाचून संपवली. लेखकाला यापेक्षा काय हवं असतं? तेव्हा साहेब, तुमच्या खोलीत मराठी साहित्य कमी आणि मराठी माणसानं न वाचल्याचे पुरावे जास्त आहेत.

ते रागावले नाहीत. उठून त्यांनी एक पुस्तक आणलं: विभावरी शिरूरकरांचं ‘कळ्यांचे निःश्वास’. 1933 साली ह. वि. मोटे यांनी छापलं, तेव्हा टोपणनावाआडची ही बाई कोण, यावरून महाराष्ट्रात गदारोळ उठला होता. प्रत मात्र पहिल्या आवृत्तीची नव्हती. पाठ उसवलेली, खाकी पुठ्ठ्याची बांधणी, समासात पेन्सिलीच्या रेघा, आणि एके ठिकाणी बारीक बायकी अक्षरात नुसतं ‘खरं आहे’. टॅग नव्हता.

“ही कितीला घेतली?” मी विचारलं.

“रद्दीच्या भावात. वजनावर.”

“आणि ही कशी ठेवलीत?”

“वाचायला,” ते म्हणाले, आणि मला हातात दिली. परमिटाशिवाय.

ती पेन्सिलवाली बाई कोण, कुणास ठाऊक. पण असली पुस्तकं पदपथावर येतात कुठून, हे त्यांना चांगलं माहीत आहे. पुण्यातलं घर, म्हातारे आईवडील, मुलगा परदेशी. आईवडील गेले की मुलगा आठवड्याच्या रजेवर येतो, फ्लॅटचा व्यवहार करतो, भांडी वाटतो आणि कपाट रद्दीवाल्याला देतो. असा मुलगा बहुधा आखातातच असतो, असं प्रथमावृत्ती स्वतः हसत सांगतात. त्यांची स्वतःची मुलगी रुवैसला वाढली, मराठी अक्षर लावून वाचते, आणि नोकरीसाठी टोरंटोला निघाली आहे. निवृत्तीनंतर कंपनीचं घर रिकामं करावंच लागतं. कंटेनरचा भाव त्यांनी काढून ठेवलाय. फ्रिज आणि सोफा इथंच विकायचे, कपाटं न्यायची, असं ठरलंय. वहिनींना ते अजून सांगितलेलं नाही.

तोवर एक सूचना. पुण्या-मुंबईहून रुवैसला कुणाकडे येणार असाल, तर तिकीट काढल्याची बातमी शेवटपर्यंत फोडू नका. फुटलीच, तर आदल्या रात्री फोन येईल: “बॅगेत दोन किलोची जागा आहे का? अगदी छोटं पाकीट आहे.” नाही म्हणू नका, उपयोग होत नाही. वजन जास्त झालंय म्हणू नका, ते पैसे भरतील. फक्त एवढंच सांगा, की आईनं बॅगेत कैरीचं लोणचं दिलंय आणि बरणीचं झाकण जरा सैल आहे.