पन्नास ऑर्डरींची अट

सोशल मीडियावरची जाहिरात हे लहान धंदेवाल्यांना मिळालेलं वरदान आहे, असं ज्यांचं मत असेल त्यांनी दिवाळीच्या तोंडावर घरगुती फराळ विकणाऱ्या कुठल्याही बाईंचा व्हॉट्सअ‍ॅप उघडून बघावा. फेसबुकवर टाकलेल्या चकलीच्या फोटोखालचं 'बूस्ट'चं बटण दाबून 500 रुपये भरले, की संध्याकाळपर्यंत मेसेजचा नुसता पाऊस. आणि मेसेज सगळे एकाच छापाचे: 'हॅलो! याबद्दल अधिक माहिती मिळेल का?' बाई कढईखालचा गॅस बारीक करतात, पदराला हात पुसतात आणि प्रत्येकाला भाव, वजन, भाजणी घरचीच आहे, घरपोच कुठवर देतो, हे सगळं लिहून पाठवतात. दोन निळ्या टिका उमटतात आणि पुढे सामसूम. कारण तो प्रश्न गिऱ्हाइकाने विचारलेलाच नसतो. जाहिरातीनेच तो आयता टाइप करून ठेवलेला असतो. गिऱ्हाइकाचा फक्त अंगठा तिथे पडलेला असतो.

यात कुणी लबाडी केली, असं मुळीच नाही. जाहिरात कुणाला दाखवायची हे ठरवणारं यंत्र कमालीचं आज्ञाधारक आहे, आणि दुखणं तेच आहे. त्याला 'मेसेज हवेत' म्हटलं, की गावातली मेसेज करण्याची सवय असलेली माणसं ते हुडकून आणतं. 'लाइक हवेत' म्हटलं, की बेसनलाडवाला बदाम देऊन डाएटवर परतणारी मंडळी हजर. मग कुणी जाणकार सांगतो, अहो, मेसेज काय मागता, थेट विक्री मागा! सल्ला रास्त आहे. पण विक्री कोण करेल हे यंत्राला आधी शिकावं लागतं, आणि या शिक्षणासाठी एका जाहिरात-संचामागे आठवड्याला साधारण 50 ऑर्डरी लागतात, असं फेसबुकचंच मार्गदर्शन सांगतं. आता जिला जाहिरातीतून आठवड्याला 50 ऑर्डरी येतात, ती बाई जाहिरात कशाला करेल? ती दुसरी शेगडी घेईल. त्यातून फराळवाल्या बाईंची खरी विक्री होते दारात, रोखीने नाहीतर यूपीआयने, पिशवी हातात देताना. ती यंत्राला दिसतच नाही. म्हणजे दार लहानांसाठी सताड उघडं आहे, पण आतलं गणित सगळं घाऊक मापाचं. लहानांची त्यात चालते ती एकच गोष्ट, त्यांची रक्कम.

आणि ती उत्तम चालते. जुलै 2020 मध्ये युनिलिव्हर, कोका-कोला, स्टारबक्स अशा बड्या कंपन्यांनी द्वेषपूर्ण मजकुराच्या निषेधार्थ फेसबुकवरच्या जाहिराती थांबवल्या. कुणालाही वाटावं, आता नाक दाबलं, तोंड उघडेल. प्रत्यक्षात त्या तिमाहीत फेसबुकचं उत्पन्न आदल्या वर्षीपेक्षा 22 टक्क्यांनी वाढलं. सर्वांत मोठे 100 जाहिरातदार मिळूनही उत्पन्नातला वाटा जेमतेम 16 टक्के असल्याचं कंपनीनेच तेव्हा सांगितलं होतं. बाकीचा डोलारा उरलेल्या लाखोंवर उभा आहे, आणि त्यांत आमच्या फराळवाल्या बाई आल्या, सायकलवाले आले, ब्लाउज शिवणारे आले. बरं, ज्यांना जाहिरात दाखवायची ती कित्येक गिऱ्हाइकं त्यांनी स्वतःच जमवलेली. 'पेज लाइक करा हो' म्हणत ओळखीपाळखीचे सगळे गोळा केले. मग जानेवारी 2018 मध्ये जाहीर झालं, की फीडमध्ये यापुढे मित्र आणि नातेवाईक आधी, धंद्याच्या पोस्टी मागे. तेव्हापासून आपणच बांधलेल्या रस्त्यावर टोल भरून आपल्याच माणसांकडे जायचं, आणि हा टोल कधी बंद होणार असं विचारायला इथे आमदारही नाही.

यावर कुणी म्हणेल, पूर्वी वर्तमानपत्रात पत्रकं घालून पाठवायचात, ती कोण वाचत होतं? कबूल. पोरगा निम्मा गठ्ठा नाल्यात टाकायचा, उरलेल्यावर लोक भजी खायचे. पण तो पोरगा दुसऱ्या दिवशी 'रीच चार हजार आठशे बारा' असा रंगीत तक्ता घेऊन येत नसे. फसवणूक ढोबळ होती आणि दोघांनाही ठाऊक होती. इथे रस्ता फेसबुकचा, टोल त्यांचा, आणि गाड्या मोजणाराही त्यांचाच. 2016 मध्ये फेसबुकने कबूल केलं, की व्हिडिओ लोक सरासरी किती वेळ बघतात याचा आकडा 60 ते 80 टक्क्यांपर्यंत फुगलेला होता, कारण तीन सेकंदांच्या आत पळालेल्यांना हिशेबात धरलंच नव्हतं. अमेरिकेतल्या काही लहान जाहिरातदारांनी कोर्टात खेचलं, तडजोड झाली. 500 रुपयेवाली कुठे जाणार?

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: याच जाहिरातींवर कितीतरी जणांचे धंदे उभे राहिले. राहिले, नक्की राहिले. पैठणी असेल, दागिने असतील, कुरिअरने कुठेही जाणारा आणि एका नगावर हजारभर सुटणारा माल असेल, तर हा खेळ परवडतो. चकलीचं तसं नाही. 500 वर 18 टक्के जीएसटी धरून झाले 590. बाई कंपोझिशन योजनेत असतील किंवा नोंदणीच नसेल, तर त्यातला छदामही परत मिळत नाही. किलोमागे 120 सुटत असतील तर पाच किलो चकली केवळ टोलात गेली. त्यातून इथली जागा लिलावाने मिळते, आणि चकली खपायच्या नेमक्या त्याच पंधरवड्यात मोबाइलवाले, सराफ आणि ऑनलाइन सेलवाले सगळे त्याच डोळ्यांसाठी बोली लावत असतात. आषाढात भाव बरा मिळेल, पण आषाढात चकली कोण घेतं? (तळणाचा महिना आहे खरा, पण तळण लोक घरीच करतात.)

शेवटी उरतो तो तज्ज्ञांचा आक्षेप: दोष माध्यमाचा नाही, तुम्हाला ते वापरता येत नाही, शिकून घ्या. शिकवणारेही पुष्कळ आहेत. 'तीन दिवसांत जाहिरातीचं तंत्र, फक्त 99 रुपयांत' अशी त्यांची जाहिरात त्याच पडद्यावर, चकलीच्या बरोबर खाली झळकत असते. आठवड्याला 50 गिऱ्हाइकं त्यांना बहुधा मिळत असावीत. निदान फराळवाल्या बायका तरी आहेतच.