कच्ची कामून आणलीस?

घरातला संगणक धडधाकट चालू असताना त्यावर अपुरी ऑपरेटिंग सिस्टिम टाकावीशी वाटणं, हा आजारच म्हणायचा. नांदूरघाटात त्याचे रोगी किती, याची मोजदाद कुणी केलेली नाही. पण एक तरी आहे. बाजारात येण्याआधीची आवृत्ती, म्हणजे बीटा, निघाली असं कळलं की मला जेवण गोड लागत नाही.

या खेपेची आवृत्ती मोबाइलच्या डेट्यावर रात्रभर उतरवून घेतली. कुठल्या कंपनीची ते सांगत नाही. तिनं आधीच लेखी बजावलं होतं: रोजच्या कामाच्या मशीनवर टाकू नका, महत्त्वाचं काही असेल तर दुसरीकडं काढून ठेवा, पुढचं तुमचं तुम्ही बघा. सोयरीक जुळवताना इतका खरेपणा कुणी दाखवत नाही.

अण्णा बाजेवरून बघत होते. "काय करायलास रं?"

"नवीन सिस्टिम टाकायलोय अण्णा. पूर्ण तयार व्हायचीय अजून."

"आरं, मग पक्की झाल्यावर आण की. कच्ची कामून आणलीस?"

बालाघाटातल्या माणसाला खरं तर हे सांगावं लागू नये. सीताफळाचे डोळे उघडले की ते झाडावरून उतरवायचं आणि घरात गवतात झाकून पिकवायचं, हे मला अण्णांनीच शिकवलंय. बीटाही अशीच अपडेट येईल तशी घरात पिकत जाते. फक्त तोवर तिचा कुठला भाग दातांखाली दगडासारखा येईल, याचा नेम नाही. एका अपडेटनं संगणकाचा आवाज गेला. पुढच्यानं तो परत आला, पण प्रिंटर घेऊन गेला. शेजारचा पोरगा पीकविम्याच्या पावतीची प्रिंट मागायला आला, तेव्हा मी म्हटलं, "सध्या चाचणी चालू आहे." त्याला कचेऱ्यांचा अनुभव असावा. एक शब्द न बोलता परत गेला.

असले लोक जगात थोडेथोडके नाहीत. जानेवारी 2009 मध्ये विंडोज 7 ची बीटा मायक्रोसॉफ्टनं पहिल्या 25 लाख लोकांनाच द्यायची ठरवली, तर इतकी झुंबड उडाली की सर्व्हरनीच दम टाकला आणि मर्यादा उठवावी लागली. त्यानंतरची चाचणी आवृत्तीही फुकटच होती. तिला चटावलेल्यांनी विकतची घ्यावी म्हणून 1 मार्च 2010 पासून ती दर दोन तासांनी संगणक बंद पाडू लागली. ही शिक्षा आमच्याकडं कुणाला शिक्षा वाटलीच नसती. त्या काळातल्या भारनियमनात सलग दोन तास संगणक चालला, तर माणूस हात जोडायचा.

डेबियन ही ऑपरेटिंग सिस्टिम बनवणारे मात्र मोकळ्या मनाचे. त्यांच्या आवृत्त्यांना 'टॉय स्टोरी' सिनेमातल्या पात्रांची नावं असतात आणि जी शाखा कायम कच्चीच राहते, तिचं नाव सिड. सिनेमातला सिड म्हणजे खेळणी मोडणारं शेजारचं पोरगं. इतकं सांगूनही लोक त्याला आनंदानं घरात घेतात, त्यात मी एक.

आता यात मिळतं काय, तर विचारणा. आमच्यापर्यंत येणारी प्रत्येक गोष्ट वरूनच ठरून येते; योजना येते, पोर्टल येतं, अर्जाचा नमुना येतो, आणि आपण रकाने भरायचे. बीटात मात्र एका कोपऱ्यात बटण असतं: तुमचा अनुभव कळवा. आपल्याला कुणीतरी काही विचारतंय, या सुखासाठी मी प्रिंटर घालवायला तयार आहे.

परवा तेच बटण उघडून बसलो होतो. अण्णांनी सगळं विचारून घेतलं आणि बाजेवर उठून बसले. "कंपनीवाले वाचतेत व्हय? मग लिही. म्हणावं, लाईट गेल्यावर बी चालू राहील असं कायतरी करा."

मी तसंच लिहून पाठवलं. लगेच आपोआप पोहोच आली: तुमची सूचना मिळाली, आभारी आहोत.

तेव्हापासून अण्णा रोज सकाळी चहाच्या वेळी विचारतात, "मंजूर झालं का?"