सोनागिरी ते सांची, मार्गे रत्नागिरी

भोपाळात सोनागिरीहून निघालं की लगेच रत्नागिरी येतं. समुद्र नाही, हापूस नाही. रायसेन रोडवरचा नुसता तिठा, नाव रत्नागिरी तिराहा. कोकणातला माणूस पाटी वाचून गहिवरतो आणि मागच्याचा हॉर्न खातो.

आमचे काका 'भेल'च्या कारखान्यातून निवृत्त झालेले फिटर. जुनी व्हॅन घेऊन त्यांनी तिच्यात संसार थाटला आहे. दोन्ही अंगांना बाक, बाकांच्या पोटात प्लायवुडच्या पेट्या, वर गाद्या. पण झाकण उघडायचं वरून. काकूंना चहाची पूड हवी झाली की दोन माणसं, एक गादी, तीन उशा आणि घोरणारा पुतण्या, म्हणजे मी, एवढं सगळं हलवावं लागे. शिवाय हवी ती वस्तू बसलेल्या माणसाच्याच खाली असायची. पचमढीच्या वाटेवर मी अकरा वेळा उठलो. बाराव्यांदा लायटर हवा होता. तो काकांच्या खिशात निघाला.

या खेपेला काकांनी सुधारणा केली होती. आधी बाहेरून पत्रा कापून सामानाला दार ठेवायचं ठरत होतं. पण गाडीच्या मूळ रचनेत मनाला येईल तसा फेरफार करायला मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आडवं येतं. मग पेट्यांच्या पुढच्या फळ्या काढून त्यांनी चॅनलवर सरकणारे खण बसवले.

"आता कुणी उठायचं नाही. बस निवांत!"

रत्नागिरी तिराह्यावर गाडी डावीकडे वळली आणि डाव्या बाकाखालचे तिन्ही खण एकदम बाहेर आले. पहिला माझ्या पोटरीवर बसला, दुसऱ्याने काकूंची चप्पल पळवली, तिसऱ्यातले बटाटे काकांच्या ब्रेकपाशी जमले. खणांना कड्या लावायच्या राहून गेल्या होत्या.

"अहो, गाडी आहे की सर्कस?" काकू म्हणाल्या.

काकांनी सुतळीने खण आवळले. फिटरची गाठ ती. दीवानगंजजवळ रस्त्यावरच कर्कवृत्ताची खूण आहे, तिथं थांबून चहा करायची काकूंची हौस होती. चहा मागितला उष्ण कटिबंधात. गाठ सुटून हातात आला तो समशीतोष्णात, सांचीच्या अलीकडे.

सांचीला मोठ्या स्तूपापुढे काका जरा गप्प झाले. 1822 साली कॅप्टन जॉन्सनने याला एका अंगाने वरपासून खालपर्यंत खिंडार पाडलं होतं. आत काहीच सापडलं नाही.

"बघ," काका मला म्हणाले, "बाजूने कापायचं नसतं ते यासाठी."

1851 साली कनिंगहॅम आणि मेसी हे इंग्रज अधिकारी तिसऱ्या स्तूपाच्या मधोमध सरळ खाली उतरले. एका शिळेखाली दोन दगडी पेट्या होत्या आणि झाकणांवर बुद्धाच्या दोन पट्टशिष्यांची नावं कोरलेली होती, सारिपुत्र आणि महामोग्गलान.

काकूंना यातली झाकणंच तेवढी भावली. "दोन हजार वर्षं झाली, तरी कुठल्या डब्यात कोण ते कळतंय. नाहीतर आमची हळद!"

येताना त्यांनी जाड मार्कर घेतला. पहिल्या खणावर लिहिलं 'चहा', दुसऱ्यावर 'पीठ-मीठ'. तिसऱ्यापाशी हात अडला. आत बटाट्यांखेरीज काय आहे ते कुणालाच आठवेना, आणि बघायचं तर सुतळी सोडावी लागणार होती.