सध्या पीजीचं करतोय

आमच्या सोसायटीत एक डॉक्टर आहे. साडेचार वर्षं एमबीबीएस आणि वर्षभर इंटर्नशिप करून रीतसर झालेला. पण कुणी ‘डॉक्टर’ म्हणून हाक मारली की तो ओशाळायचा. त्याची आईसुद्धा ‘नुसता एमबीबीएस आहे हो’ असं सांगायची, जणू पोरगं दहावीला गटांगळ्या खातंय.

मग तो अभ्यासिकेत गडप झाला. नीट-पीजी! एकोणीस विषय, दोनशे प्रश्न, साडेतीन तास. बरोबर उत्तराला चार गुण, चुकलं की एक वजा. त्या वजा एकानं त्याचा स्वभावच पालटला. आईनं ‘पोळी वाढू की भात?’ विचारलं, तरी खात्री नसल्यानं तो प्रश्न सोडून द्यायचा. दुसऱ्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, ‘गुडघा दुखतोय रे.’ यानं उभ्याउभ्या बारा कारणं सांगितली. ‘मग गोळी कुठली घेऊ?’ म्हटल्यावर म्हणाला, ‘ऑर्थोला दाखवा.’

2021 च्या एप्रिलमधली परीक्षा कोरोनामुळे तीन दिवस आधी लांबणीवर पडली. वॉचमननं विचारलं, ‘पेपर कसा गेला?’ हा म्हणाला, ‘पुढे गेला.’ तो सप्टेंबरात झाला, आणि काउन्सेलिंग कोर्टकचेरीत अडकून जानेवारी उजाडला. रेडिओलॉजी, स्किन अशा मलईदार ब्रँचेस वरच्या रँकवाल्यांनी उचलल्या. याच्या वाट्याला बालरोग आला.

तीन वर्षं रेसिडेन्सी, त्यात थिसिस. प्रॅक्टिकलला लाँग केस म्हणून मिळालेल्या बाळानं ऐन तपासणीत परीक्षकांच्या टायवर धार धरली. हा न डगमगता म्हणाला, ‘युरिन आउटपुट नॉर्मल, सर.’ पास झाला. सोसायटीनं पेढे खाल्ले. आता दवाखाना निघणार, या आशेवर सेक्रेटरींनी तळमजल्याच्या गाळ्याचं भाडंही मनातल्या मनात ठरवलं. पण मुलगा नीट-एसएस देऊन डीएमला गेला. आणखी तीन वर्षं!

परवा काकूंनी त्याला जिन्यातच गाठलं. ‘आता तरी बघशील ना गुडघा?’

‘काकू, मी आता निऑनेटॉलॉजीत. फक्त अठ्ठावीस दिवसांपर्यंतची बाळं.’

‘मला यायला जरा उशीरच झाला म्हणायचा,’ काकू म्हणाल्या आणि कठडा धरून नाक्यावरच्या म्हाताऱ्या डॉक्टरांकडे निघाल्या. ते नुसते एमबीबीएस आहेत.