गौलीगुड्यातलं हिमयुग

मे महिन्यात हैदराबादच्या गौलीगुड्यात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा आमच्या घरी पांढरं अस्वल येतं. डीव्हीडीवर. मामा खांद्यावर पंचा टाकून ‘फ्रोझन प्लॅनेट’ लावतात, कूलरच्या जाळीवर तांब्याभर पाणी मारतात आणि हळहळतात, “बिचारं उपाशी मरतंय हो!” खाली कचराकुंडीत प्लास्टिक चघळणाऱ्या गायीच्या वाट्याला असली हळहळ कधी आली नाही.

बरं, बर्फातलं सगळं तरी खरं असावं? 2011च्या या मालिकेतला अस्वलाच्या पिल्लांचा जन्म नेदरलँड्सच्या प्राणिसंग्रहालयात टिपलेला. डिस्नेच्या 1958च्या ‘व्हाइट विल्डरनेस’ने तर कमालच केली. जिथे समुद्रच नाही, त्या कॅनडातल्या अल्बर्टात लेमिंग नावाचे उंदरासारखे प्राणी विकत आणले, कड्यावरून नदीत लोटले आणि वर सांगितलं, बघा, समुद्रात उड्या घेतायत! लोकांनी त्याला सामूहिक आत्महत्या मानलं. ऑस्करही मिळालं.

आणि इथे? 1908च्या सप्टेंबरात मुसी नदीला पूर आला, तेव्हा चिंचेच्या एका झाडाने दीडशेच्या आसपास माणसं तारली. ते झाड हाकेच्या अंतरावर, उस्मानिया इस्पितळाच्या आवारात उभं आहे. पण चिंचेला ना केसाळ पिल्लं, ना भारदस्त इंग्रजी निवेदक. पार्श्वसंगीताला ऑटोचे हॉर्न.

परवा कबुतरीने कूलरमागे दोन अंडी घातली. मामांनी अस्वल पॉजवर ठेवलं आणि मामीला हाक मारली, “अगं, झाडू आण!”