मूळ दस्तावर पेन चालवणाऱ्यास



तुमच्या फंक्शनला एकच काम होतं. पत्त्याच्या रकान्यात लोक मोबाइल नंबरही लिहितात. अहवाल छापताना त्या आकड्यांवर फुल्या मारायच्या. तुम्ही मारल्यात. अहवालात मारल्यात आणि आमच्या मूळ टेबलातही मारल्यात.

त्या सोमवारी घरपोच औषधं देणारा आमचा एक मुलगा रक्तदाबाच्या गोळ्या घेऊन एका वाड्याच्या बंद दारापुढे पाऊण तास उभा होता. आतल्या आजींना ऐकू येत नाही. म्हणून नातीचा नंबर पत्त्यातच लिहून ठेवला होता. मुलाच्या हातातल्या फोनवर त्या जागी दहा फुल्या होत्या.

दोन दिवस आम्ही चोर बाहेर शोधला. ते नंबर बदलणारं अपडेट कुणी चालवलं नव्हतं, ट्रिगर नव्हता, लॉगमध्ये काही नव्हतं. चालली होती ती एक सिलेक्ट क्वेरी, तीही ज्याला फक्त वाचायची परवानगी आहे अशा युजरची. परवानग्या, ट्रान्झॅक्शन, रोलबॅक हे सगळे पहारे दारावर उभे होते आणि तुम्ही भिंतीतून आत गेलात. वर त्या फंक्शनवर ‘इम्यूटेबल’ अशी पाटी लावलीत!

पोस्टग्रेस सी भाषेतल्या फंक्शनला टेक्स्टसारखं आर्ग्युमेंट देतं तेव्हा मजकूर देत नाही, मजकुराचा पॉइंटर देतं. तो पॉइंटर शेअर्ड बफरमधल्या ८ केबीच्या पानावर थेट रोखलेला असू शकतो, आणि तेच पान बाकीची कनेक्शन्सही वाचत असतात. म्हणून अशा आर्ग्युमेंटचा मजकूर कधीही बदलू नका, डिस्कवरचा डेटा बिघडेल, असा स्पष्ट इशारा पोस्टग्रेसच्या दस्तऐवजात दिलेला आहे. तहसील कचेरीत सातबाऱ्याची नक्कल मागायला गेलेला माणूस रजिस्टर ओढून त्यात खाडाखोड करत नाही. शाळा न शिकलेल्या शेतकऱ्यालाही हे कळतं. तुम्हाला का कळलं नाही?

‘मी तपासलं होतं,’ असं तुम्ही म्हणालात. कशावर तपासलंत तेही मी पाहिलं. तुमचे सगळे नमुना पत्ते इंग्रजीत, एकेक ओळीचे. टेबलात १२६ बाइटपर्यंतचा टेक्स्ट छोट्या, एका बाइटच्या हेडरसह साठवला जातो. तुम्ही वापरलेलं पीजी_गेटआर्ग_टेक्स्ट_पी असा मजकूर वाचताना हेडर चार बाइटचं करतं आणि त्यासाठी आपसूक नवी प्रत काढतं. कॉम्प्रेस होऊन बसलेला मोठा मजकूरही सोडवताना नवी प्रत निघते. मधल्या मापाचा, कॉम्प्रेस न झालेला मजकूर मात्र तसाच, मूळ जागेवरून हातात येतो.

यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं, काना-मात्रा-वेलांटीसुद्धा. म्हणजे बेचाळीस चिन्हांत १२६ बाइट संपले. ‘विठ्ठल मंदिरामागे, पिंपळाच्या पाराजवळ, मु. पो., ता., जि.’ असा पत्ता लिहिणारा आमचा प्रत्येक माणूस बरोबर त्या मधल्या मापात सापडला. मराठीत लिहिलेला एक खरा पत्ता घालून पाहिला असतात, तर तुमच्या टेबलावरच सगळं उघड झालं असतं. याचा मला सर्वांत जास्त राग आहे. आमच्या भाषेत पत्ता लिहिणारी माणसं तुमच्या लेखी नमुन्यालासुद्धा नव्हती.

पुढचा गोंधळ तर आणखी वाईट. फंक्शननं परस्पर केलेल्या बदलाची बफर मॅनेजरला खबरच नसते. त्यामुळे काही पानं डिस्कवर न लिहिताच मेमरीतून गेली, आणि पुन्हा वाचल्यावर नंबर परत दिसले. सकाळी फुल्या, दुपारी नंबर. लोक आम्हालाच वेड्यात काढू लागले. काही पानांवर त्याच वेळी दुसऱ्या कुणाचा रास्त बदल झाला होता, ती तुमच्या फुल्यांसकट डिस्कवर गेली. चेकसम पान लिहिताना काढला जातो, म्हणून त्यानंही ती शुद्ध ठरवली. वॉलमध्ये, म्हणजे पोस्टग्रेसच्या बदलांच्या नोंदवहीत, तुमच्या बदलाची वेगळी नोंद नाही, म्हणून रेप्लिकावर बरेच नंबर शाबूत राहिले. पण चेकपॉइंटनंतर ज्या पानांची अख्खी प्रतिमा वॉलमध्ये गेली, तिथे फुल्या रेप्लिकावरही पोचल्या.

हे सगळं टाळायला एक शब्द पुरला असता. त्याच मॅक्रोच्या शेवटी _कॉपी जोडायचं, पीजी_गेटआर्ग_टेक्स्ट_पी_कॉपी, आणि त्या प्रतीवर हव्या तेवढ्या फुल्या मारायच्या. किंवा पॅलॉकनं नवी जागा घ्यायची आणि निकाल तिथे लिहायचा. अ‍ॅग्रिगेटच्या ट्रान्झिशन फंक्शनला स्वतःची चालू स्थिती जागेवर बदलायची मुभा असते, पण तीही अ‍ॅगचेककॉलकॉन्टेक्स्टला विचारून, खरोखर अ‍ॅग्रिगेटमधूनच हाक आली आहे याची खात्री झाल्यावर. तुमचं फंक्शन अ‍ॅग्रिगेट नव्हतं. ‘प्रत काढली की वेळ जातो’ हे तुमचं उत्तर मी ऐकलं. एका पत्त्याची प्रत काढायला जो वेळ जातो तो मला त्या पाऊण तासाशेजारी ठेवून दाखवा.

रेप्लिका आणि जुना बॅकअप पानोपान ताडून आम्ही बहुतेक नंबर परत आणले. बॅकअपनंतर नोंदवलेले आणि रेप्लिकावरही पुसले गेलेले ६३ उरलेत. त्यांच्या घरी आमची मुलं जाऊन विचारताहेत.

तुम्ही आता दुसरीकडे आहात आणि तिथेही सीमध्येच एक्स्टेन्शन लिहिता, असं कळलं. त्या फायली आज उघडा. आर्ग्युमेंटचा पॉइंटर घेऊन त्यावर लिहिणारी प्रत्येक ओळ शोधा, आणि दोनशे बाइटचा एक मराठी पत्ता घालून तपासा. नमुना नसेल तर माझ्याकडे मागा, मी पाठवतो.

तुमच्या फुल्या पुसत बसलेला
एक डेटाबेस सांभाळणारा